पाय काढा, मर्व!

ही गोष्ट मी बनवलेली नाही. बनवायचीच असती तर जरा बरी बनवली असती.

जिच्या बाबतीत हे घडलं ती डार्ला व्होंड्रा आमच्या गावची शाळेची बस चालवते. मी तिच्या शेजारच्याच गल्लीत राहते. तिने हे मला दोनदा सांगितलंय, आणि दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तिला विमान शिकवणाऱ्या मर्व टूमीलाही मी विचारलं. मर्व खोटं बोलतो ते फक्त पकडलेल्या माशांच्या बाबतीत.

त्याने नुसती मान हलवली... आणि कॉफी तशीच टाकून उठून गेला.

ऑगस्टमधला गुरुवार होता. संध्याकाळची वेळ. जागा म्हणजे आमच्या अमेरिकेतल्या आयोवातलीच, गावाबाहेरची गवताची धावपट्टी. दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावर गेलेला मका. ऊन अजून पिवळंधमक होतं. हे मुद्दाम सांगते, कारण लोक लगेच म्हणतात की अंधारात भास झाला असेल.

अंधार नव्हता.

डार्ला दोन उन्हाळे विमान शिकत होती. शेहेचाळीस वर्षांची बाई, हट्टाला पेटलेली. विमानाचं नाव चँप. जुनं, कापडाचं, एकामागे एक दोनच जागा. शिकणारा पुढे, मास्तर मागे. तिसरं चाक शेपटीखाली.

असलं विमान जमिनीला टेकलं म्हणजे उतरलं असं नाही. टेकलं की त्याची शेपटी नाकाच्या पुढे पळायला बघते. तिला पायांखालच्या पेडलांनी सरळ धरावं लागतं. पाय चुकला की विमान गर्रकन फिरतं आणि थेट मक्यात.

पेडलांच्या जोड्या दोन, आणि त्या आतून एकमेकींना जोडलेल्या. मागच्याने दाबलं की पुढच्याच्या पायाखालचं हलतं.

इथेच सगळं घोडं अडलं होतं.

दर वेळी चाकं टेकायची... डार्ला पाय दाबणार...

आणि पेडल आधीच हललेलं असायचं!

"पाय काढा, मर्व!"

"माझे पाय खाली फळीवर आहेत, बाई."

"मग पेडल काय आपोआप हललं?"

"तूच हलवलंस. छान हलवलंस. मान्य कर आणि पुढे चल."

"मी बस चालवते, मर्व. माझ्या पायाखालचं पेडल कोण दाबतंय ते मला कळतं."

"अगं, देवाशपथ नाही!"

"देवाला मध्ये आणू नका. पाय काढा."

सगळा जुलै हेच चाललं. उतरणं झकास व्हायचं, मर्व पाठ थोपटायचा, आणि डार्लाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण त्यातलं एकही उतरणं तिचं नव्हतं. तिला एकच हवं होतं. वाकडं होवो, तिरपं होवो, पण तिचं स्वतःचं.

शिवाय ती भिंत होती.

धावपट्टीच्या कडेच्या खोलीत एक भिंत आहे. तिच्यावर शर्टांच्या शेपट्या, म्हणजे पाठीमागचे कमरेखालचे तुकडे, खिळ्यांनी ठोकलेल्या आहेत, प्रत्येकीवर नाव. जुन्या काळी विमानात बोलणं ऐकू यायचं नाही. मास्तर मागून शर्टाची शेपटी ओढायचे आणि मग कानात ओरडायचे. पोरगा पहिल्यांदा एकटा उडून आला की मास्तर ती शेपटी कात्रीने कापून टाकायचे. आता ओढायची गरज नाही, असा त्याचा अर्थ. ओढणं केव्हाच बंद झालं, पण कापणं राहिलं. मर्व तर ओढतच नाही. त्याचा आवाज पुढच्या गावात जातो.

त्या भिंतीवर गावातल्या दातांच्या डॉक्टरचीसुद्धा शेपटी होती. त्या डॉक्टरला साधी गाडी सरळ लावता येत नाही!

डार्लाने कापून घ्यायला तिचा पिवळा बोलिंगचा शर्ट ठरवून ठेवला होता. तीनदा तो घालून ती गेली, आणि तीनदा माशी शिंकली. एकदा वारा. एकदा पाऊस. एकदा मर्वचा गुडघा. तीनदा शर्ट धुऊन, इस्त्री करून परत कपाटात.

त्या गुरुवारी मात्र वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला लोंबत पडली होती. पान हलत नव्हतं.

दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही वेळा पेडल तिच्याआधी हललं. डार्लाने विमान खोलीसमोर आणून उभं केलं आणि मागे न बघताच म्हणाली, "उतरा."

"काय?"

"तुम्ही आत नसलात की कळेल कोण दाबतंय ते. उतरा, मर्व."

मर्व हसला. कुरकुरत उतरला. मागच्या जागेचा पट्टा त्याने विमान चालवायच्या दांड्यात अडकू नये म्हणून घट्ट आवळून टाकला.

"तीन फेऱ्या मार. आणि ऐक, मी नाही म्हणजे विमान हलकं होणार. लगेच उडी मारून वर जाईल, घाबरू नकोस."

खोलीच्या दारात मर्वची बायको नोला हातात कात्री घेऊन उभीच होती. कात्री अजून म्यानातच होती. टेबलावर तिने केलेले कोलाचे, म्हणजे जॅम भरलेले गोड पाव, झाकून ठेवलेले.

डार्लाने इंजिन पूर्ण जोरात सोडलं.

विमान धावलं... धावलं... धावतच राहिलं.

उडी नाही.

मर्व बसलेला असताना जिथे चाकं सुटायची, तिथेच सुटली. चढलं तेही तसंच, कण्हत कण्हत.

हलकं होणार होतं. झालं नाही.

"आता हेही बिघडलं का!" डार्ला स्वतःशीच चडफडली. घाबरली नाही, असं ती म्हणते. वैतागली. दोन उन्हाळे घालवले, आणि आज या खटाऱ्याला जडपणा आठवला!

वळण घेतलं. खाली उतरायला इंजिन मंद केलं. चँपमध्ये इंजिन मंद केलं की एकदम शांत होतं. नुसता वाऱ्याचा सूं आवाज.

त्या शांततेत...

कुणीतरी मागून तिचा शर्ट ओढला.

एकदाच. खाली, पाठीमागे, शेपटीला धरून.

पट्ट्यात अडकला असेल, तिला वाटलं. तिने पुढे सरकून सोडवला.

परत ओढला.

आणि मग कानाजवळ काहीतरी आलं. ओरडायच्या आधी माणूस श्वास आत घेतो ना, तेवढंच.

ती वाट बघत राहिली... ओरडणं आलंच नाही.

तिने मागे पाहिलं नाही. जमीन समोर आली होती, पाहायला सवडच नव्हती. चाकं टेकली. तिने पाय उचलला...

पेडल आधीच हललं.

विमान रेघेवर चालावं तसं सरळ गेलं आणि थांबलं. मग तिने मान वळवली. मागची जागा रिकामी. पट्टा मर्वने आवळला होता तसाच.

आता इथे कुणीही शहाणं माणूस उतरून पळालं असतं. डार्लाने विमान फिरवलं. मर्व गवतातून दोन्ही हात हलवत तिच्याकडे येत होता. थांब, थांब! तिला वाटलं, झालं, यांनाही काहीतरी खुपलं. अजून दोन बाकी होत्या. ती त्याच्यासमोरून सरळ निघून गेली.

दुसरी फेरी. तेच जडपण. तीच ओढ. टेकल्यावर तेच पेडल, तिच्या आधी. सगळ्या जुलैचा संताप उसळून आला. आज तर मर्वही आत नव्हता! एकटीने उडूनसुद्धा एकटी नाही?

तिसऱ्या फेरीत, मका काचेत मोठा मोठा होत असताना, ती जीव खाऊन ओरडली.

"पाय काढा! कोण असाल ते, पाय काढा! एकदा तरी माझं मला उतरू द्या हो!"

वारा सूं करत राहिला.

मग पेडलं सैल पडली... अगदी सुटी, लुळी.

आणि विमान एकदम वर उचललं गेलं. गादीवरचं जड माणूस उठलं की गादी वर येते तसं.

हलकं झालं.

डार्ला म्हणते, खरी भीती तिला तेव्हा वाटली. कारण आता खरंच कुणी नव्हतं.

विमान तरंगत राहिलं. टेकलं, उसळलं, परत टेकलं. शेपटी डावीकडे पळाली. तिने पाय हाणला, जरा उशिरा. शेपटी उजवीकडे गेली. परत पाय, परत डावीकडे! पंखाने मक्याचे तुरे झोडपले. मग ते कसंबसं थांबलं, धावपट्टीवर आडवं, हिंदकळत.

ती तिथेच बसून ढसाढसा रडली. "माझं होतं गं ते," ती मला म्हणाली. "घाणेरडं होतं, पण माझं होतं."

मर्व पळत आला. दुखऱ्या गुडघ्यासकट पळत आला. चेहरा कागदासारखा.

"कोण होतं मागे?"

"कुणी नाही."

"डार्ला, मी बघितलंय. पहिल्या दोन फेऱ्यांना काचेत दोन डोकी होती. नोलानेही बघितलं."

नोलाने मान डोलावली. "टोपी होती त्याची. कानावर आलेली. मर्व, ती तर लुडविक मास्तरांची..."

"गप्प बस," मर्व म्हणाला. चाळीस वर्षांत तो बायकोला असं बोलला नसेल.

लुडविक मास्तर या धावपट्टीवरचे पहिले शिक्षक. मर्वलाही त्यांनीच शिकवलं. जाऊन खूप वर्षं झाली, तेही घरी, अंथरुणात. त्यांचा एकही विद्यार्थी असा नव्हता ज्याने मास्तर पेडलं सोडत नाहीत म्हणून कटकट केली नाही.

डार्लाने डोळे पुसले. "ते जाऊ द्या. तिसरं कुणाचं होतं?"

"तिसरं तुझंच," मर्व म्हणाला. "इतकं वाईट दुसरं कुणी उतरवणार नाही."

ती रडता रडता हसली आणि पाठ करून उभी राहिली. "मग कापा."

दोघं नुसते तिच्या पाठीकडे बघत राहिले.

"कापा ना, मर्व!"

"डार्ला..." नोलाचा आवाज कसातरीच झाला. "कात्री तर माझ्याकडेच आहे. म्यानातून काढलीसुद्धा नाही."

डार्लाने हात मागे नेला.

शर्टाची शेपटी नव्हती. सरळ, स्वच्छ कापलेली कड तेवढी हाताला लागली.

विमानात शोधलं. गवतात शोधलं. दुसऱ्या दिवशी मक्यात शोधलं. पिवळी चिंधी मिळाली नाही.

"तरी मी सगळा जुलै ओरडत होते," डार्ला म्हणाली. "पाय काढा, पाय काढा म्हणून."

"आणि मी सगळा जुलै सांगत होतो," मर्व हळूच म्हणाला, "की माझे पाय फळीवर आहेत."

तो चँपच्या मागच्या जागेकडे बघत होता. त्या जागेवर एकच माणूस मावतं.

"डार्ला... मी तिथे बसलेला असायचो तेव्हा तो कुठे बसायचा?"

त्यानंतर मर्व त्या जागेवर बसलेला नाही. तो आता दुसऱ्या विमानावर शिकवतो, ज्यात शेजारी शेजारी बसायचं असतं. चँप डार्ला एकटीच उडवते. आता ते उडी मारून वर जातं.

भिंतीवर तिच्या नावाची पट्टी आहे. खाली नुसता खिळा. मी एकदा विचारलं, भीती नाही वाटत? तर माझ्यावरच खेकसली, "भीती कसली? दोन उन्हाळे राबले मी त्या चिंधीसाठी. माझी चिंधी हवी आहे मला!"

पण मी बघितलंय. हल्ली ती शर्ट कायम आत खोचून, वर पट्टा बांधून असते. बस चालवतानासुद्धा.