ओबुयाचं वजन

माणूस सरोवरात बुडून नाहीसा झाला, की त्याचं वजन कुठे जातं?

हा प्रश्न ओगुतुने सगळ्यांना विचारून पाहिला. पाद्र्याला विचारला, तर पाद्र्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ओवालाकाकांना विचारला, तर काका नुसते खोकले. होडी उलटली तेव्हा ओबुयाबरोबर जे दोघे होते त्यांनी माना खाली घातल्या. मलाही विचारला होता त्याने. सगळा जन्म या किनाऱ्यावर जाळी विणण्यात गेला माझा, पण मला काय सांगता येणार? म्हणून पोरांनो, उत्तर मागू नका. जे घडलं ते तेवढं सांगतो, त्याने मला सांगितलं तसंच. ती लाकडं जरा पुढे सारा. आणि मध्ये कुणी हसायचं नाही.

गेल्या ऑगस्टमधली अमावस्या. शुक्रवार. मासेमारीवरची बंदी नुकतीच उठली होती, त्यामुळे अंधार पडल्यावर सगळ्या होड्या दिवे घेऊन ओमेना, ती बोटाएवढी चंदेरी मासळी, धरायला निघणार होत्या. त्या दुपारी आईने ओगुतुला अंगणात बोलावलं आणि म्हणाली, "टेकडीपलीकडे जा आणि यागोचं फळ घेऊन ये."

कशासाठी ते तुम्हाला ठाऊक आहे. सरोवराने देह परत दिला नाही, तर आपण त्याच्या जागी यागो पुरतो. माणसाच्या मांडीएवढं ते फळ चादरीत गुंडाळायचं, त्याला नावाने हाक मारायची, रडायचं आणि घराच्या अंगणात मातीआड करायचं. म्हणजे माणूस घरी आला.

ओगुतु जागचा हलला नाही. ओबुया त्याचा थोरला भाऊ. भाऊ कसला, बापच म्हणा. हा तिसरीतून शाळा सोडून पळाला तेव्हा सगळ्यांनी त्याला बडवलं होतं, ओबुयाने मात्र हातात वल्हं दिलं. लहानखुरा म्हणून त्याला 'ओमेना' म्हणायचा. तसं म्हणणारा तो एकटाच. दुसऱ्या कुणी म्हटलं तर ओगुतु हाणामारीवर यायचा. ओबुया बुडाल्यापासून हा पोरगा रोज उजाडताच होडी काढायचा आणि जलपर्णीच्या गचपणात काठीने ढोसत फिरायचा. नुसता हाडांचा सापळा उरला होता.

"मी नाही आणणार," तो म्हणाला. "फळ आणलं की शोध संपला. तो सापडेल."

"जेवत नाहीस, झोपत नाहीस. तुझ्या चिंतेने सरोवर आटणार आहे का?"

"तुझ्या प्रार्थनेने तरी कुठे आटलं?"

आता थोबाडीत बसणार, असं त्याला वाटलं. ही बाई रोहो चर्चची. पांढरा झगा, छातीवर लाल क्रॉस. मुलगा गेल्यावर तिने हंबरडा फोडला नव्हता. पहाटे गुडघे टेकायची आणि एवढंच म्हणायची, "देवा, माझ्याच्याने होत नाही, तू बघ." लोक म्हणायचे, बाई दगडाची आहे.

"नाही आटलं," ती म्हणाली. "म्हणून तर त्याच्यावर टाकलंय. मला उचलत नाही रे. तुला उचलतंय का?"

"देवावरच टाकायचं, तर फळ कशाला पुरायचं?"

"टाकायलासुद्धा जागा लागते." तिचा आवाज फाटला. "भावानेच आणायचं असतं. दुसरा कोण आहे मला?"

मग मात्र तो निघाला. कुंपणापाशी ओवालाकाकांनी अडवलं. "आपल्या घराण्याची रीत ऐकून जा. एकदा उचललंस की घराच्या दारातच ठेवायचं. वाटेत टेकवलंस तर तिथेच त्याचं घर झालं. मग जन्मभर रस्त्याकडेला बसून राहील बिचारा. हाक आली तर ओ द्यायची नाही. मागे बघायचं नाही."

"आणि मुतायला लागली तर?"

"चालता चालता," काका म्हणाले. "तुझा आजाही तसाच आला होता."

टेकडीपलीकडे यागोच्या झाडाची मालकीण बाजाराला गेलेली. तिची वाट बघण्यात दिवस बुडाला. तिने देठ कापून दिला आणि पुन्हा त्याच्याकडे न बघता दार लावून घेतलं. ओगुतुने फळ ओबुयाच्या निळ्या पट्ट्यांच्या चादरीत गुंडाळून दोन्ही हातांवर घेतलं. करडाएवढं वजन. काहीच नाही.

उतारावर मागून मोटरसायकलचा दिवा आला. ओदेक होता, भाडी मारणारा.

"कुणाचं बाळ पळवलंस रे? आणि एवढं लांबडं? बाप जिराफ आहे का?"

ओगुतु चालत राहिला. ओदेकने दिवा चादरीवर मारला. निळे पट्टे ओळखले असावेत त्याने. डोक्यावरची टोपी काढली.

"माफ कर भावा. तुला नेलं असतं. पण त्याला… मागे बसवून नाही रे जमायचं." टोपी पुन्हा घालत म्हणाला, "उद्या मी पण येतो, एक मूठ माती टाकायला."

गाडी गेली. तांबडा दिवा वळणावर दिसेनासा झाला. मग काळोख. खाली सरोवरावर ओमेनावाल्यांचे दिवे, जणू तिथे एखादं शहर वसलेलं.

पहिली हाक तिथे आली.

"ओमेना…"

हळू. पाठीमागून. दमलेल्या माणसाने मारावी तशी.

ओगुतु थबकला. मग तो चालायला लागला. भरभर.

"ओमेना, थांब की जरा."

तोच आवाज. तोच थोडासा घोगरा. ओठ घट्ट मिटून तो चालत राहिला. आणि हातांतलं ओझं वाढायला लागलं. आधी वाटलं, हात अवघडले असतील. मग पोत्याएवढं झालं. मग ओल्या जाळ्याएवढं. फळ हातांवरून सरकायला लागलं, म्हणून त्याने ते पाठीवर घेतलं आणि चादरीची टोकं पुढे छातीशी धरली. पाठीवर घेतलं मात्र, त्याच्या अंगावर काटा आला.

हे वजन ओळखीचं होतं.

एकदा मलेरियाने फणफणलेल्या ओबुयाला त्याने असंच पाठीवर घालून दवाखान्यात नेलं होतं. डोकं डाव्या खांद्यावर. पाय लोंबकळत. पाठ विसरत नाही, पोरांनो.

आता मानेवर… गार श्वास.

"दमलास. ठेव खाली."

चालत राहिला.

"टेकव रे थोडं. मी कुठे जातोय?"

भावाने विनवावं, आणि ओ द्यायची नाही. थांबायचं नाही. रडायला येत होतं, पण रडायला दम कुठे होता? गुडघे वाकले. एक टेकला. दुसरा टेकला. चादर खाली सरकली. धुळीपासून वीतभर… चार बोटं… आता टेकणार. इथेच. या ओसाड रस्त्याच्या कडेला. कायमचा.

तेव्हा ओगुतु ओरडला. मागच्याला नाही. वर.

"मला नाही झेपत! ऐकतोस का? तुला हवा होता ना? तूच नेलास ना? मग आता तूच उचल! घे! मला नाही उचलत!"

…

रातकिडे थांबले.

काहीच नाही.

मग चादरीचं मागे लोंबणारं टोक उचललं गेलं.

हळूच. सवयीच्या हाताने. दोघांनी मिळून ओलं जाळं न्यावं तसं. ओगुतु उठला. पुढचं टोक त्याच्या मुठीत. मागचं… त्याने पाहिलं नाही. पाऊल टाकलं. मागेही पाऊल पडलं. अनवाणी. ओलं.

छप… छप…

आता कुणी हाक मारत नव्हतं. नुसती पावलं. ओझं हलकं होत चाललं होतं. चर्चपाशी पोत्याएवढं राहिलं. शाळेपाशी लहान मुलाएवढं. शेराचं कुंपण दिसायला लागलं तेव्हा पुन्हा करडाएवढं.

सुटलो, असं वाटायला हवं होतं ना? त्याला तसं वाटलं नाही. त्याला कळलं, की ते वजन होतं तोवर भाऊ होता. तो चालता चालता कळवळून म्हणाला, "नको… एवढं नको घेऊस. थोडं माझ्याकडे राहू दे."

छप… छप…

आई दारात कंदील घेऊन उभी होती.

"आला?"

"आलो."

"मी त्याचं विचारते आहे."

"…आला."

त्याने फळ उंबऱ्याशी ठेवलं. मग तिथेच बसला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला. आई त्याच्याजवळ बसली. त्या रात्री तीही रडली. शेजारच्या बायका उठून आल्या, आणि बाई दगडाची नाही हे गावाला कळलं.

उजाडताच खड्ड्याभोवती माणसं जमली. ढोल वाजत होता. ओवालाकाका खड्ड्यात उतरले आणि खाली ठेवलेली चादर नीट करायला त्यांनी मागचं टोक हातात घेतलं. ढोलवाल्याला त्यांनी हाताने थांबवलं.

ते टोक ओलंचिंब होतं. पाणी ठिबकत होतं, आणि विणीत जलपर्णीचं एक काळं मूळ अडकलेलं. पुढचं टोक मात्र कोरडं ठणठणीत. महिनाभर पावसाचा थेंब नाही. गर्दीतून ओदेक पुटपुटला, "मी दिवा मारला तेव्हा सगळी कोरडी होती. देवाशपथ."

आईने वाकून ते टोक मुठीत धरलं, नाकाशी नेलं. बराच वेळ. मग अगदी हळू म्हणाली, "गारठला असेल गं माझा."

ओगुतुने ऐकलं. तो खड्ड्यात उतरला आणि काकांना त्याने हाताने वर जायला सांगितलं. अंगातला सदरा काढला. गुडघ्यांवर बसून ती चादर उलगडली आणि सदऱ्याने ते फळ पुसलं, आधी ओलं टोक, मग बाकीचं अंग, हळूहळू, कुठे ओल राहिली नाही ना ते तळव्याने पाहत, पार कोरडं होईपर्यंत.