चौदा, तिरकी रेघ, दोन

फोनच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत आले, ‘औषध पोहोचले.’ पण अंगणात काहीच नव्हते. इराने गोठ्यात पाहिले, पाण्याच्या टाकीमागे पाहिले. आत तिच्या तीन वर्षांच्या भावाच्या, मल्हारच्या, बरगड्या प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जात होत्या. त्याच्या दम्याच्या पंपात दोनच फवारे उरले होते. मग औषध गेले कुठे?

खोऱ्यातल्या वाड्यांना औषधे पोहोचवणाऱ्या उडत्या यंत्राचे नाव मैना. तिचा प्रोग्राम लिहिला होता इराच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी. ते संगणकशास्त्रज्ञ, नुकतेच शहरातून राहायला आलेले. बाबांनी मागणीत काय लिहिले, ते त्यांनी पाहायला मागितले. इराने दाखवले: /औषध/घर/14/2. घरपट्टीच्या पावतीवर तसेच होते. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा थोरल्या काकांना चौदा क्रमांक राहिला आणि बाबांना चौदा/दोन मिळाला.

आजोबांनी शेवटच्या 2 वर बोट ठेवले. मग म्हणाले, “काकांच्या गच्चीवर बघा.”

काका पुण्याला, घराला कुलूप. बाबा शिडी लावून चढले. डबी तिथेच होती. मल्हारचा श्वास संथ होईपर्यंत आईने त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.

मैना चुकलीच कशी, असे इराने विचारले.

“मैना नाही गं, मी चुकलो,” आजोबा म्हणाले आणि समजावू लागले. यूआरएल (दूरच्या संगणकाला पाठवायचा पत्ता) तिरक्या रेघांनी तुकड्यांत विभागलेला असतो. ‘घर’नंतरचा तुकडा दर घराला बदलतो. तो पॅरामीटर (पत्त्यातली बदलती जागा). संगणकाला 14 ही आधी नुसती दोन चिन्हे दिसतात. सगळे अंकच आहेत ना, हे तपासून तो त्यांची संख्या करतो. इथे चौदा ही संख्या झाली, त्या क्रमांकाचे घरही सापडले. मागे उरला 2.

“उरलेलं टाकून दे, असं मीच लिहून ठेवलं होतं. एका घराची दोन होतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“म्हणजे आजोबा, तुम्ही आम्हालाच टाकून दिलंत,” इरा म्हणाली. आजोबांनी कान पकडले.

दुपारभर बसून त्यांनी पत्त्यात दोन जागा केल्या, एक घराची, एक वाटणीची. दोन्हींत अंकच हवेत, ते घर गावाच्या यादीत हवे आणि काही जास्त उरले तर मैनेने उडायचेच नाही. इराने मुद्दाम 14/दोन असे पाठवून पाहिले. उत्तर आले, ‘दुसऱ्या जागी अंक हवा. औषध अजून निघालेले नाही.’

आईने ते दोनदा वाचले आणि ती आजोबांना म्हणाली, “बाबा, फार उपकार झाले. निघालंच नाही हे वेळेत कळलं, तर माणूस धावपळ तरी करू शकतो.”

खोऱ्यात वाटणीची एकसष्ट घरे निघाली. इरा आणि आजोबा यादी घेऊन एकेक पत्ता तपासायला बसले. आई मल्हारला खांद्यावर घेऊन मागे येऊन उभी राहिली. खालच्या वाडीतल्या 9/3 मध्ये आठवड्यापूर्वीच बाळ जन्मले होते.

“आधी ते घर बघा,” ती म्हणाली.