मयताचा स्वतःचा खर्च

अपघातात माणूस गेला की घरचे रडत बसतात, आणि त्याच सुमारास कुठेतरी कुणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन बसतं. चिंचवडचा मुकुंद हा असा बसणारा. विमा कंपन्यांसाठी तो चौकशी करायचा: मयत कमवायचा किती, उडवायचा किती, घरी द्यायचा किती. भरपाई कमी करून दाखवली की साहेब खूश. माणूस बोलायला मात्र मोठा गोड. मयताच्या घरी गेला की चपला दाराबाहेर काढणार, पाणी मागून पिणार, म्हाताऱ्यांना वाकून नमस्कार करणार आणि मगच कागद काढायला लावणार.

सुजितची फाइल त्याच्याकडे अशीच आली. वय सव्वीस, चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशिनवर ऑपरेटर. शिफ्ट संपवून मोटारसायकलवरून भोसरीला परत येताना डंपरखाली गेला. मागे विधवा आई मंजुळाबाई आणि दोन शिकणाऱ्या बहिणी. अशा खटल्यात एक रीत असते. मयत जगला असता तर स्वतःवरही खर्च केलाच असता, म्हणून भरपाईतून तेवढा वाटा कापतात. घर त्याच्यावर चालत असेल तर तिसरा हिस्सा. एकटा, बिनलग्नाचा, आपल्या मौजेत राहणारा असेल तर निम्मा. सुजितच्या बाबतीत या दोन्हींत दहा लाखांचा फरक पडत होता.

मुकुंदने एका बंद पडलेल्या खाणावळीचं कोरं पावतीपुस्तक मिळवलं. सुजितच्या नावाने दोन वर्षांच्या पावत्या तयार झाल्या. दोन वेळची स्पेशल थाळी, रविवारी मटण. मुकुंदचं स्वतःचं अक्षर कोर्टात सगळ्यांच्या ओळखीचं, म्हणून लिहायला बायकोला बसवलं. सुमेधाने टीव्ही बघता बघता सगळ्या लिहून दिल्या.

कोर्टात त्या वाचून दाखवल्या तेव्हा मंजुळाबाई उभी राहिली. "साहेब, माझं लेकरू कंपनीत एक टाइम जेवायचं. रातच्याला भूक न्हाई म्हणायचं, बहिणींना पुरावं म्हणून. आन् हे म्हणतेत, निम्मं त्यानंच खाल्लं!" मग ती मुकुंदकडे वळली. ना रडली, ना आवाज चढवला. "खाल्लं म्हणताय न्हवं? मग आता खाऊ द्या त्याला."

निकाल महिन्याने लागणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकुंदने डबा उघडला. चार पोळ्यांच्या जागी दोन. भाजी अर्धी, भात अर्धा, आणि उरलेल्या भाताच्या कडेला चार बोटांचे ठसे. डब्यातून मशिनच्या तेलाचा वास येत होता. त्याने सुमेधाला फोन केला. "चार दिल्या होत्या रे, मोजून," ती म्हणाली.

मग घरीही तेच सुरू झालं. पातेल्यातलं दूध अर्धं, वरण अर्धं. ताट वाढून घास उचलेपर्यंत निम्मं ताट मोकळं. दिसत काहीच नव्हतं, पण कानाशी चावण्याचा आवाज यायचा. घाईघाईचा, जेवणाची सुट्टी संपत आलेल्या माणसाचा. सुमेधाने दुप्पट रांधून पाहिलं. दुपटीतलं निम्मं जायचं आणि उरलेलं पोटात ठरायचं नाही. तीन आठवड्यांत मुकुंदच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. त्याचं सोडा, पण त्याची सात वर्षांची मुलगी, पूर्वी, तिचेही गाल बसले, शाळेचा गणवेश अंगावर लोंबायला लागला. ते बघून त्याचा जीव तुटायचा.

"बाबा, तो दादा खूप भुकेला आहे," ती म्हणायची. "माझ्या शेजारीच बसतो."

शेवटी मुकुंद भोसरीला मंजुळाबाईच्या खोलीवर गेला. या वेळी पाणीसुद्धा मागितलं नाही. "मावशी... थांबवा त्याला. माझी मुलगी लहान आहे हो..."

ती भाकरी थापत होती. "मी कुठं धाडलंय त्याला? त्याला पोटभर वाढायची लई हौस होती मला. कधी बसलाच न्हाई. आता बसलाय, तर उठवू कशी?"

"काय करू मी? सांगा..."

"खरं बोला. कोर्टात बोला. आन् समदं बोला."

मुकुंद बोलला. पावत्या खोट्या आहेत, हे त्याने भर कोर्टात कबूल केलं. लिहिल्या कुणी, असं न्यायाधीशांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने खाणावळीच्या मालकाचं नाव घेतलं. मालक वर्षापूर्वीच वारला होता, तो काही नाही म्हणायला येणार नव्हता. बायकोचं नाव त्याने गिळलं.

निकाल लागला. सुजितच्या खर्चापोटी निम्मा नाही, तिसराच हिस्सा कापला गेला. मंजुळाबाईचे दहा लाख वाढले. मुकुंदचं काम गेलं, वर गुन्हा दाखल होणार होता. तरी कोर्टाच्या आवारात बसून त्याने डबा उघडला तेव्हा आत चार पोळ्या होत्या. चारही त्याने खाल्ल्या. खाताना रडत होता, लाज सोडून.

पाचला तो घरी पोचला. स्वयंपाकघरात पोळ्या लाटल्याचा आवाज येत होता. पूर्वी दिवाणावर चित्र काढत बसली होती.

"बाबा, आज दादाने माझं काहीच नाही खाल्लं."

"गेला ना तो?"

"म्हणाला, आता निम्मं नको. कोर्टाने तिसरा हिस्सा ठरवलाय."

मुकुंद तिच्यापुढे वाकला. "तिसरा... कशाचा?"

पूर्वीने बोटं मोजली. "मी विचारलं ना. तर म्हणाला, तुम्ही घरात किती जण?"

मुकुंद आत धावला. मागच्या दाराला आतून कडी होती, खिडकीला गज होते, गॅस चालू होता. पोळपाटावर पोळी अर्धी लाटलेली. स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं.

तव्यावरची पोळी त्याच्या डोळ्यांदेखत उलटली आणि सुमेधाच्या बांगड्या वाजल्या.

"आणखी वाढू का?" अगदी जवळून तिचा आवाज आला. दमलेला, दबलेला. ती मुकुंदला विचारत नव्हती.

कोपऱ्यात कुणीतरी सावकाश चावत होतं. आता त्याला कसलीच घाई नव्हती.