हाकेनंतर जे पहिलं येईल

गोंदियात राहून मी खेळांची परीक्षणं लिहिते म्हटलं, की समोरचा आधी विचारतो, "क्रिकेटची का?" मग समजावून सांगावं लागतं. कॉम्प्युटरवरचे खेळ, बंदुकांचे, अंतराळाचे. खेळ बाजारात यायच्या आधी कंपनी तो आम्हाला पाठवते, आम्ही तो शेवटपर्यंत खेळतो आणि विकत घेण्यासारखा आहे की नाही ते लोकांना सांगतो. एवढं ऐकून समोरचा म्हणतो, "म्हणजे दिवसभर नुसतं खेळायचंच की!" आणि मी विषय बदलते. तुम्ही तसं म्हटलं नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते. जरा जवळ सरकून बसा. आई आत झोपली आहे, आणि ही मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही.

खेळाचं नाव 'टेथिस फॉल'. कुठल्याशा दूरच्या ग्रहावर माणसांची वसाहत बुडालेली, अंधारात राहणारे तिथले प्राणी, आणि तुमच्या हातात बंदूक. खेळणारा स्वतःला दिसत नाही, पडद्यावर फक्त त्याचे दोन हात दिसतात. बाकी जे काही दिसतं ते त्याच्याच डोळ्यांनी. मी ज्या वेबसाइटसाठी लिहिते तिचा संपादक ओमेश नागपूरला असतो. त्यानं फोन करून भीतभीतच विचारलं, "रश्मी, करशील ना? नाही तर दुसऱ्या कुणाला देतो." त्याच्या भिण्याला कारण होतं. या खेळातले डोंगर, दगड आणि पाणी हैदराबादच्या एका स्टुडिओत घडवले होते, आणि माझा धाकटा भाऊ दुर्गेश तिथं ते घडवण्याच्याच कामाला होता. दुर्गेश श्रावणात तापानं गेला.

खरं म्हणजे भावाचा हात लागलेल्या खेळाचं परीक्षण बहिणीनं करूच नये. पण मी हो म्हटलं. त्याचं काम बघायचं होतं, एवढंच.

आमचं गाव सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या गुहांना आणि जंगलाला लागून. दुर्गेश गेला तेव्हा नाल्यांना पूर होता, रस्ते बंद होते, म्हणून त्याला तिकडे हैदराबादलाच माती द्यावी लागली. आईला त्याचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. आम्हा गोंडांमध्ये गेलेल्या माणसाचा जीव पुन्हा घरी आणतात. पाण्याकाठी मडकं घेऊन जायचं, त्याचं नाव घेऊन हाक मारायची, आणि हाकेनंतर मडक्यात जे पहिलं येईल, मासा असो, झिंगा असो, पाण्यातला किडा असो, तोच आपला माणूस समजायचा. त्याला जपून घरी न्यायचं, जरासुद्धा दुखवायचं नाही. तो घरात आला की मगच घरच्यांना झोप लागते.

पतिराम काकांनी गावच्या तलावावर हाका मारल्या. दिवस मावळला तरी मडक्यात पाण्याशिवाय काही आलं नाही. काका शेवटी कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "वहिनी, पोराचं पानी हे नाही. त्याचं पानी दुसरीकडं हाय." तेव्हापासून आई झोपत नव्हती. मी तिला गोंदियात माझ्याकडे आणलं, तर येताना ती मडकंही बरोबर घेऊन आली. बसमध्ये मांडीवर धरून बसली होती. मला त्या मडक्याची लाज वाटली होती, तेही सांगून टाकते.

खेळाची चित्रं नीट पारखायची तर खोली अंधारी लागते. उजेडात सगळे काळे रंग सारखेच दिसतात. म्हणून मी खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या आणि भर दुपारी खोलीत रात्र केली. बाहेर राइस मिलचा घरघराट चालू होता, कोंड्याचा कोमट वास दाराच्या फटीतून आत येत होता, आणि मधूनमधून बिरसीच्या धावपट्टीवरचं शिकाऊ विमान डोक्यावरून घोंघावत जात होतं. थोड्या वेळानं कानांवर हेडफोन चढवले, आणि तेही बंद झालं.

खेळ दिसायला अप्रतिम होता. मी हाडाची खवचट आहे, कौतुक माझ्या तोंडून सहजासहजी निघत नाही, पण तो ग्रह बघून मी बंदूक चालवायची सोडून नुसती फिरत राहिले. ओल्या खडकावर उजेड कसा सांडतो, शेवाळावरून पाय कसा घसरतो, छतातून ठिबकणारं पाणी खालच्या डोहात पडलं की कड्यांवर कशी चमक हलते, सगळं मन लावून केलेलं. बाकी खेळ मात्र बेतास बात. बंदुकीला वजन नाही, गोष्टीला शेंडाबुडखा नाही, पात्रं बोलायला लागली की ऐकवत नाही. आणि गुहेची लेव्हल तर निव्वळ जाच. दिवा विझतो, डोहापलीकडच्या अंधारातून एक प्राणी येतो, आणि तो दिसेपर्यंत थांबलात तर मेलातच. मी तिथं इतक्या वेळा मेले, की पुढं पुढं डोळ्यांच्या आधी बोट चालायला लागलं. नुसता अंधार हलला की गोळी. या कामात असंच तरबेज व्हावं लागतं.

आई चहा घेऊन आली ती त्याच गुहेत. म्हणजे मी त्या गुहेत होते तेव्हा. तिला आवाज ऐकू यावा म्हणून मी हेडफोन काढून स्पीकर लावला. दिवा अजून विझला नव्हता. ती कप हातात धरून पडद्याकडे बघत राहिली.

"हे कुठसं हाय?"

"कुठचंच नाही, आई. खोटं आहे. दुसऱ्या ग्रहावरचं."

"खोटं काऊन? हे त आपल्या कचारगडचं हाय. तो दगड पाह्य ना. लहानपनी त्यावर बसून तो रडे, खाली उतरता येत नोहोतं म्हून."

मी बघितलं. आपण रोज ज्या पायरीवरून जातो तिचा रंग सांगता येत नाही, तसं माझं झालं होतं. गेले कित्येक दिवस मी त्या दगडाआड लपून गोळ्या झाडत होते, पण ओळखला तो आईनं.

तिनं कप खाली ठेवला, आत गेली आणि मडकं घेऊन आली. पडद्यासमोर मांडी घालून बसली.

"हाक मार त्याले."

"आई, हा खेळ आहे गं. इथं कुणी नसतं."

"पानी त्याच्या हातचं हाय ना? मंग? पतिराम भाऊजीनं सांगतलं होतं, त्याचं पानी दुसरीकडं हाय म्हून. माह्या आवाज तठी पोचत नाही, तुह्या पोचते. तू अंदर हायस. मार हाक."

काय करणार? श्रावणापासून ती अंथरुणावर डोळे उघडे ठेवून पडत होती. एक हाक मारल्यानं तिला झोप लागणार असेल, तर माझं काय जात होतं? खेळताना दुसऱ्या खेळाडूंशी बोलायला माइक असतो. मी तो सुरू केला. तेवढ्यात पडद्यावरचा दिवा विझला, ठरल्याप्रमाणे.

"दुर्गेश..." मी म्हटलं. स्वतःचाच आवाज मला गुहेतून परत ऐकू आला. खेळात ती सोय नव्हती. माझा आवाज त्यात घुमायचं काही कारणच नव्हतं. "दुर्गेश... ये गा. घरी ये."

आई गोंडीत काहीतरी पुटपुटत होती. ठिबकणारं पाणी थांबलं. खोलीत कोंड्याचा वास होता, तो गेला आणि ओल्या दगडाचा, वटवाघळांच्या घाणीचा वास आला. कचारगडला गेलेल्या माणसाला तो विसरता येत नाही.

डोहापलीकडे अंधार हलला.

आणि माझं बोट चाललं.

मी ठरवून काही केलं नाही. इतक्या वेळा केलं होतं, की ठरवायची गरजच उरली नव्हती. बंदुकीच्या जाळाचा उजेड पडला तेवढ्यात मला दिसलं. प्राणी नव्हता. बाह्या दुमडलेला साधा शर्ट, डावा खांदा थोडा उतरलेला, एक हात भिंतीला धरून चाललेला. तो आमच्याकडेच येत होता. पाण्यात पडल्याचा आवाज झाला आणि वर कोपऱ्यात माझे गुण वाढले.

आईनं मडकं पोटाशी ओढलं. मग अगदी हळू म्हणाली, "कायले मारलंस व...? तो येऊन राहिला होता."

त्यानंतर मी ती लेव्हल पुन्हा पुन्हा खेळले. बंदूक खाली ठेवून उभी राहिले. हाका मारल्या, घसा बसेपर्यंत. दर वेळी तो बिनडोक प्राणीच आला आणि मला मारून गेला. स्टुडिओला मेल केला, त्यांचं सभ्य उत्तर आलं की त्या गुहेत माणसाचं पात्र कधी ठेवलेलंच नव्हतं. मी इतका पस्तावा आयुष्यात दुसऱ्या कशाचा केलेला नाही. क्षणभर हात आवरला असता तर तो घरी आला असता. त्यावरून आई मला पुन्हा एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

परीक्षण लिहायचं तर होतंच. देखाव्याला पूर्ण गुण दिले, बाकीच्याची यथेच्छ चिरफाड केली, आणि शेवटी एक परिच्छेद जोडला: गुहेत अंधारातून कुणी रिकाम्या हातानं आलं तर कृपा करून गोळी झाडू नका, त्याला येऊ द्या. वेबसाइटवर आलं तेव्हा तो परिच्छेद नव्हता. मी ओमेशला फोन केला.

"अरे यार रश्मी, पुढं काय होतं ते आपण आधीच सांगत नाही ना. लोग गाली देंगे. अन् तसंही, त्या गुहेत मला तर कोणी भेटला नाही."

मी भांडले, रडलेसुद्धा. त्यानं बिचाऱ्यानं माझी समजूत घातली आणि थोडे दिवस सुटी घे म्हणाला. तोवर खेळ बाजारात गेला होता. घरोघरी लोक त्या गुहेत उतरत होते, बोट चापावर ठेवून.

आईचं मात्र एक बदललं. तिला झोप लागायला लागली. रात्री नाही, दुपारी. घोंगड्या काढायच्या नाहीत आणि खेळ बंद करायचा नाही म्हणाली. मी खेळ गुहेशी आणून ठेवायचे, आणि ती पडद्यासमोर चटईवर पडायची. इतकी गाढ झोपायची की हाक मारली तरी हलायची नाही. मला वाटलं, झोपतेय ना, झोपू दे. उठली की थकलेली दिसायची, पण तोंडावर समाधान असायचं. एकदा नुसतंच म्हणाली, "लय दूर हाय, पन रस्ता चांगला हाय."

आज दुपारची गोष्ट. मी या इथंच, बाहेरच्या खोलीत बसले होते. सांगलीच्या एका दाताच्या डॉक्टरांचा निरोप आला. माझी परीक्षणं ते नेहमी वाचतात. त्यांनी लिहिलं होतं, तुम्ही गुहेबद्दल काहीच कसं लिहिलं नाहीत? आणि सोबत त्यांच्या आत्ताच खेळून झालेल्या खेळाचं छोटं चित्रण जोडलं होतं. मी कानात इअरफोन घालून ते लावलं.

दिवा विझतो. डोहापलीकडून तो येतो, डावा खांदा उतरलेला. छातीवर हात दाबून धरलेला. डॉक्टरांची बंदूक वर होते तसा तो दुसरा हात पुढं करतो आणि म्हणतो, "बाई... मी आहो." मला तो बाईच म्हणायचा. त्याच्या मागं आणखी कुणीतरी आहे. ठेंगणी बाई आहे, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, त्याला पाठीशी आधार देऊन चालवत आणते आहे. तिचा चेहरा उजेडात येतो न येतो तोच गोळी सुटते. मग नुसतं पाणी दिसतं.

मी आतल्या खोलीत धावले. आई चटईवर उठून बसली होती. धापा टाकत होती, एका हातानं दंड दाबून धरला होता. फोन माझ्या मुठीत होता, इअरफोन अजून माझ्या कानात लोंबत होते. मी तिला काही दाखवलं नव्हतं, काही सांगितलं नव्हतं.

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. पदर सावरत पुन्हा आडवी झाली, पडद्याकडे तोंड करून.

"त्या मानसाले सांगजो, बाई," ती म्हणाली. "जरा धीर धरजो म्हना. आमी निघूनच राहिलो होतो..."