घरबंदीचे आठ महिने

पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला 'सध्या कुठल्या वर्गात?' असं विचारलं असतं, तर पूर्वी तो अंगावर धावून आला असता. आता कोणी चिडत नसे. मिरजेतल्या निहार ओगलेच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गिऱ्हाइकं सहज विचारायची, "काय ओगले, वहिनी शिकायला गेल्या म्हणे?" आणि निहार पंपाच्या जळक्या मोटारीतून मान वर न काढताच सांगायचा, "गेली की! 'मध्यंतर'वाल्यांनी निवडली तिला. सबंध राज्यातून नऊच जण घेतलेत, म्हटलं!"

मध्यंतर ही संशोधकांसाठीची पाठ्यवृत्ती होती, पण पोरासोरांसाठी नव्हे. ज्याने वीस-बावीस वर्षं एकाच शास्त्रात घासली आहेत, त्याला मध्येच थांबवून दुसरं शास्त्र शिकवायचं, असा तिचा हेतू. रक्त तपासणाऱ्याने माणसांच्या रीतीभाती शिकाव्यात, समाज अभ्यासणाऱ्याने रक्त शिकावं. कारण तोवर सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं, की रोग एकाच शास्त्राच्या कपाटात मावत नाही.

निहारची बायको शाल्मली, वय वर्षं सेहेचाळीस, क्षयरोगावरच्या औषधांची संशोधक. तिच्या गोळीने तीन महिन्यांत क्षय मुळापासून जायचा. पण गोळी घेतली तर ना! दहातले चार रोगी ती मध्येच सोडून द्यायचे. ओरडून झालं, समजावून झालं, भिंतीभिंतीवर फलक लावून झाले. शेवटी शाल्मलीने हात टेकले.

"निहार, जंतू मला कळतो रे. माणूस कळत नाही," ती म्हणाली.

"मग वाच की पुस्तकं. असतीलच माणसांवरची."

"पुस्तकं वाचून तुला कानडी आली का?"

निहारच्या दुकानाचं निम्मं गिऱ्हाईक कानडी आणि हा गडी वीस वर्षांत 'ऊटा आयता?', म्हणजे जेवण झालं का, याच्या पुढे गेला नव्हता. त्यांची मुलगी चार्वी मात्र तीन वर्षांची असताना शेजारच्या घरात खेळून खेळून घडाघडा कानडी बोलायला लागली होती.

मध्यंतरचं सगळं शास्त्र या एवढ्याशा गोष्टीवर उभं होतं. लहान मुलाच्या मेंदूतल्या पेशी एकमेकींशी मोकळेपणाने नवे धागे जोडत असतात. पुढे वय वाढतं तसं त्या पेशींभोवती प्रथिनांचं बारीक जाळं विणलं जातं. त्याने जुनं टिकतं, पण नव्याला आत शिरायला जागा कमी उरते. मध्यंतरच्या शास्त्रज्ञांनी हे जाळं काही काळापुरतं विरघळवणारं औषध शोधलं होतं. मानेत दोन सुया टोचल्या की आठ महिने मेंदू पुन्हा बाळाचा होई. या आठ महिन्यांना ते उमलकाळ म्हणत. उमलकाळात माणूस ज्या जगात राहील ते जग त्याच्या अंगात मुरे, आणि मग जाळं पुन्हा आपोआप विणलं जाई.

एकच अट होती. उमलकाळात घरबंदी. घरच्यांची भेट नाही, फोन नाही. जुन्या सवयी आड आल्या तर नवं मुरणार नाही, असं कागदावर ठळक अक्षरांत छापलं होतं. निहारने ते वाचलं आणि सही केली.

शाल्मली गेली इचलकरंजीला, यंत्रमागवाल्यांच्या एका वस्तीत. मिरजेपासून तासाभराचा रस्ता, पण घरबंदीमुळे विलायत झाली होती. ती गौराक्का नावाच्या बाईच्या दोन खोल्यांत राहत होती. गौराक्का साठीची, स्वतः क्षयातून उठलेली, अख्ख्या वस्तीची उठबस तिच्या उंबऱ्यावर.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस दुपारी दुकानात फोन वाजला.

"निहार, मी बोलतेय. दोन मिनिटं बोल ना माझ्याशी. चार्वीचा आवाज तरी ऐकव. मला काहीतरी होतंय रे..."

निहारचा जीव कासावीस झाला. पण माणूस पडला नियमाचा. रिवाइंडिंगमध्ये तारेचा एक वेढा चुकला तर मोटार जळते, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. "शाल्मली, नियम आहे," तो म्हणाला. "पाचच महिने राहिलेत. धीर धर." आणि त्याने फोन ठेवला. आपण बायकोचं केवढं भलं केलं, या आनंदात तो दिवसभर होता. अरे देवा, काय माणूस हा!

आठ महिन्यांनी शाल्मली परतली ती यश घेऊनच. रोगी गोळी का सोडतात हे तिला सापडलं होतं, आणि कारण ऐकून मोठमोठ्या डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं असे, 'सकाळच्या जेवणानंतर.' वस्तीतल्या बायका सगळ्यांना वाढून, मागावरच्या पाळीचे डबे पाठवून, दुपारी तीन-चारला जेवायच्या. गोळी रोज दवाखान्याच्या खिडकीवरच गिळायची, आणि खिडकी बारा वाजता बंद! उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळायचं, म्हणून बायका ती गालात धरून बाहेर टाकायच्या, आणि डॉक्टरांना खोटंच 'घेतली' म्हणून सांगायच्या. शाल्मलीने खिडकी उचलून गौराक्काच्या उंबऱ्यावर आणली, चार वाजता. त्या महिन्यात वस्तीत एकाही बाईने गोळी सोडली नाही.

हार झाले, सत्कार झाले. निहारने दुकानात पेढे वाटले.

आणि मग घरात एकेक गोष्ट खुपायला लागली. शाल्मली स्वयंपाकघराच्या दारात थांबून विचारायची, "पाणी घेऊ का?" जेवण झालं की आपलं ताट घासून वेगळं पालथं घालायची. निहार काही बोलला की मान डोलवून नीट ऐकून घ्यायची, पूर्वी निम्म्यातच "पुरे रे तुझं मोटारपुराण!" म्हणून उठून जाणारी बाई! वागण्यात तिच्या खोट काढायला जागा नव्हती, हीच खोट होती.

पंधराव्या दिवशी तेरा वर्षांची चार्वी दुकानात येऊन स्टुलावर बसली. डोळे भरलेले.

"बाबा, आई माझ्याशी खूप चांगलं वागते."

"मग रडतेस कशाला?"

"काल मी मुद्दाम दूध सांडलं. ती रागावलीच नाही. 'असू दे हं' म्हणाली. बाबा, असं आपण दुसऱ्यांच्या मुलांना म्हणतो."

त्याच संध्याकाळी गौराक्काचा फोन आला, आणि शाल्मलीचा चेहरा असा काही उजळला, की निहारला ओळखच पटली. हा चेहरा त्याचा होता. वीस वर्षं तो याच चेहऱ्याकडे घरी येत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मध्यंतरच्या कचेरीत डॉक्टर शर्मिष्ठा तेरदाळे यांना गाठलं. उमलकाळाचं औषध त्यांच्याच प्रयोगशाळेतलं. बाई मोठ्या, पण अहंकार नाही. त्यांनी निहारचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ओगले, लहान मूल पहिल्या वर्षात काय काय शिकतं?"

"बोलायला, चालायला..."

"आणि आपलं माणूस कोण, ते. तेही शिकणंच असतं. जे हात भरवतात, जो आवाज रोज कानावर पडतो, त्याला ते चिकटतं. आम्ही मेंदू उघडला तो ज्ञान आत जावं म्हणून. माणसंही त्याच दारातून आत येतात, याचा आम्ही विचारच केला नाही."

"तुम्ही नाही केलात. पण ते समाजशास्त्रवाले होते ना मध्यंतरच्या समितीवर?"

"त्यांनी आपलं काम केलं. वस्तीत राहा, त्यांच्यात जेवा, जवळीक करा, ही त्यांची अभ्यासाची रीतच आहे. पण त्यांचा माणूस मोठा असतो, संध्याकाळी मनाने घरी परततो. आम्ही त्यांना एक बाळ दिलंय, हे त्यांना कळलं नाही. ते बाळाला काय करायला सांगतायत, हे आम्हाला कळलं नाही." बाईंचा आवाज खाली गेला. "दोन शास्त्रं जोडायला निघालो आम्ही, आणि आमच्या स्वतःच्या बैठका वेगवेगळ्या खोल्यांत झाल्या."

"आणि घरबंदी?"

"ती नसती तर कदाचित घर आणि वस्ती, दोन्ही टिकलं असतं. तिसऱ्या महिन्यात बऱ्याच जणांना घराची ओढ लागते. तेव्हा घरचा आवाज ऐकला, तर..."

निहारने खाली पाहिलं. तो फोन आपण आपल्या हाताने ठेवला, हे त्याला बाईंना सांगवेना. त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं.

तेरदाळेबाई म्हणाल्या, "उपाय आहे. दुसरा उमलकाळ. आठ महिने ती तुमच्या घरात, तुम्हा दोघांजवळ राहील. दोन्ही टिकवता येईल याचा भरवसा नाही, म्हणून या वेळी बंदी तिकडची; वस्तीची भेट नाही, फोन नाही. ती पुन्हा तुमची होईल, याची मी खात्री देते."

निहारने डोळे पुसले. "बाई, मी मोटारी भरतो. जुनं वाइंडिंग कापून काढल्याशिवाय नवं भरता येत नाही. तुम्ही काय काढणार?"

"तिने शिकलेलं शास्त्र राहील. कुठल्या वेळी खिडकी उघडायची, हे ती विसरणार नाही. पण ती वस्तीतली बाई... ती नुसती आठवण म्हणून राहील."

घरी येऊन निहारने शाल्मलीला सगळं सांगितलं, फोन ठेवल्याची चूकसुद्धा. ती हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

"मला सगळं आठवतं निहार," ती म्हणाली. "आपलं लग्न, चार्वीचा जन्म, तुझी पहिली जळलेली मोटार. पण कुणाच्या तरी चरित्रात वाचल्यासारखं आठवतं. मी रोज सकाळी उठून तुमच्यावरचं प्रेम शोधते रे. कुठे ठेवलंय तेच सापडत नाही." आणि ती ढसाढसा रडली. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. "मी सुया घेते. चार्वीने असं दूध सांडायचं बरोबर नाही. फक्त आधी गौराक्काला सांगू दे."

रविवारी ते दोघं इचलकरंजीला गेले. गौराक्काने भाकरी थापता थापता सगळं ऐकलं. शाल्मली तिच्या गुडघ्याला टेकून जमिनीवर बसली होती, माहेरी बसतात तशी.

"म्हंजी सुई टोचली का तू मला इसरणार?" गौराक्काने विचारलं.

"विसरणार नाही गं. नाव आठवेल, घर आठवेल..." शाल्मलीने तिच्या पदरात तोंड लपवलं.

गौराक्काने तव्यावरची भाकरी उलटली. निहारकडे बघून म्हणाली, "न्या की. तुमचीच हाय ती. लेकरू थांबलंय तिचं." मग पदराने शाल्मलीचं तोंड पुसलं. "रडतीस कशाला गं येडे? मला कुठं कोन सुई टोचतंय? मी वळखीन की तुला." जाताना तिने चार भाकऱ्या आणि खर्डा बांधून दिला. ते गाठोडं निहारने मांडीवर धरून घरी आणलं.

दुसरा उमलकाळ घरात गेला. निहारने दुकान अर्धवेळ केलं. चार्वी आईच्या मांडीवर डोकं ठेवून अभ्यास करायची. पहिले दोन महिने काही दिसेना. तिसऱ्यात एका सकाळी निहार पंपाच्या मोटारीचं काहीतरी सांगत होता, तर शाल्मली उठली आणि म्हणाली, "पुरे रे तुझं मोटारपुराण!" निहार आणि चार्वी एकमेकांकडे बघून इतके हसले, की शेजारचे डोकावले. सहाव्या महिन्यात चार्वीला रागाने एक धपाटा बसला, आणि पोरगी पाठ चोळत नाचली.

आठ महिने झाले. घरबंदी उठली. त्याच दिवशी फोन वाजला आणि शाल्मलीने उचलला.

"हो, गौराक्का! बऱ्या आहात ना?... हो, हो, मी छान. ... बायका माझी वाट बघतायत? अहो, आता नवीन मॅडम आहेत ना तिथे, त्यांना सांगा हं. त्या बघतील सगळं. ... काय? भाकरी? अगत्यानं विचारलंत, बरं वाटलं. असू दे हं. ... तब्येतीची काळजी घ्या."

तिने फोन ठेवला. निहार समोरच बसला होता. वागण्यात तिच्या खोट काढायला जागा नव्हती. हे 'असू दे हं' पूर्वी याच घरात चार्वीने ऐकलं होतं, सांडलेल्या दुधाजवळ उभं राहून.

"कोण होतं?" चार्वीने आतून विचारलं.

"वस्तीतल्या आजी. फार चांगल्या आहेत," शाल्मली म्हणाली, आणि निहारजवळ येऊन त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली. तिने त्याचा हात हातात घेतला. चेहरा तोच होता, उजळलेला, त्याचा. त्यात कणभर खोटं नव्हतं. निहारला हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

तरी त्याच्या मनात आलं, या आठ महिन्यांत इथे मी नसतो, दुसराच कोणी बसला असता, तर?

"काय रे, असा काय बघतोस?" शाल्मलीने विचारलं. "नवीन बघितल्यासारखा?"

"काही नाही," निहार म्हणाला, आणि त्याने तिचा हात घट्ट धरून ठेवला.