पेरलव

नातीचं जावळ काढलं ते साल २०६३. हणमंता धोत्रेच्या छातीत पेरलव बसवून तेव्हा वर्ष होत आलं होतं.

माणसाच्या श्वासनलिकेला आतून लव असते, डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक. ती सतत हलते आणि धूळ, कफ वर ढकलते. दगडखाणीत जन्म काढलेल्यांची लव धुळीनं मरते. तिच्या जागी डॉक्टर प्रयोगशाळेत वाढवलेली लव लावत. बियाण्यासारखी पेरायची, म्हणून पेरलव.

या लवेला हुकूम देणारं कुणी नसतं, असं डॉ. वृंदा सबनीसांनी हणमंताला समजावलं होतं. एक केस हलला की भोवतीचा दाट रस ढकलला जातो. तो धक्का शेजारच्या केसाला लागतो आणि तोही त्याच तालात येतो. होता होता सगळ्यांची मिळून एक लाट होते.

"मुकादमाशिवाय काम?" हणमंता म्हणाला होता. "बाई, थोडी आमच्या खाणीतपण पेरा की."

कधी ताल तुटेल, छाती घरघरेल, हेही बाईंनी सांगितलं होतं. तेव्हा कुशीवर निजवायचं, तोंडात काही घालायचं नाही, नुसती वाट बघायची. केस आपसूक एकमेकांना सापडतात. त्याच्या बायकोनं, नागव्वानं, दोनदा तसं केलं. दोन्ही वेळा तो उठून बसला आणि चहा मागितला.

जावळाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा घरघर लागली. या वेळी घर पाहुण्यांनी भरलेलं. म्हाताऱ्यांनी अशी घरघर जन्मभर ऐकलेली. तिचा अर्थ त्यांच्या लेखी एकच. थोरल्या नणंदेनं पाण्याचा तांब्या आणला. नागव्वा थांबा म्हणाली.

"कोरड्या तोंडानं धाडतीस व्हय माझ्या भावाला?" नणंद म्हणाली.

मग नागव्वानंच पहिला चमचा पाजला. लेकानं पाजलं, सुनेनं पाजलं. नातीच्या मुठीत चमचा धरवून तिच्याकडूनही पाजलं. घरघर थांबली.

मृत्यूनंतर पेरलव तपासायची असा नियम होता. बाईंनी तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. नागव्वा बाहेर बसली होती. तिनं बघायला मागितलं, आणि बाईंना नाही म्हणवेना.

"हलत्यात की," ती म्हणाली.

"माणूस गेल्यावरही काही तास हलतात."

"मग असं का? जो तो आपल्यापुरता."

बाईंनी तुकड्यावर दाट रसाचा थेंब सोडला. हळूहळू केस शेजाऱ्याला धरून हलू लागले आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लाट गेली.

नागव्वा बराच वेळ डोळा लावून होती.

"पाण्यानं पातळ झालं होय?"

"हो. घरघरताना गिळता येत नाही. पाणी श्वासनलिकेत उतरतं. पातळ रसात धक्का शेजाऱ्यापर्यंत पोचत नाही."

"थांबलो असतो तर?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "सावरले असते."

नागव्वानं पदरानं डोळे नाही, हात पुसले. "पाणी मी एकटीनं पाजलं, असं लिवा," ती म्हणाली. "पोरीचा हात होता त्यात. तिला कधी कळता कामा नये."

बाईंनी तसंच लिहिलं. पेरलव दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलत होती. हणमंता धोत्रे आदल्या दुपारी, मार्गशीर्ष वद्य तृतीयेला, आपल्या घरी वारला.