रडायचा नंबर

बोरपाड्याच्या साठाघरात बॅटऱ्यांची कपाटं मंद घुमत होती. साठाघराची देखरेख करणाऱ्या हर्षलाने आपली वही अभियंता मुजावर मॅडमपुढे ठेवली.

"माझी रेवा कधी उठते, कधी रडते, सगळं लिहिते मी. हसू नका हं! मग पाड्यातल्या बाकीच्या तान्ह्यांचंही लिहायला लागले. अकरा आहेत, मॅडम. महिनाभरात दोन मुलं एका वेळी रडलेली नाहीत."

मॅडमचं हसू मावळलं. समदाबक हे स्वतः शिकणारं यंत्र त्यांनीच घडवलं होतं. हा पाडा तारेच्या अगदी टोकाला. चार घरांनी एकदम शेगडी लावली की दिवे मिणमिणायचे, मोटारी जळायच्या. आता समदाबक बॅटऱ्यांतून नेमकी वीज सोडून विजेचा दाब सपाट ठेवी.

"त्याला एकच सांगितलंय, दाब हलू द्यायचा नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "मूल रडलं की आई उठणार, दिवा लावणार, पाणी तापवणार. सगळ्या घरांत एकदम झालं तर दाब पडणार. सरकारी योजनेतून बसवलेल्या पंख्यांचा वेग तो घरोघरी केसभर बदलू शकतो. त्या घरघरीने माणूस सैलावतो. तेवढं त्याने शिकून घेतलं असणार. मागणी पुरवायची, नाहीतर येऊच द्यायची नाही."

"म्हणजे रडायलाही नंबर?"

हर्षला वही मिटून दाराकडे वळली. सकाळी रेवाचं अंग जरा कोमट लागलं होतं. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या होत्या, "गुणाची गं पोर, हूं की चूं नाही!"

"तू पळ घरी," मॅडम उठल्या. "मी बंद करते हे."

भर दुपारी ती धावत सुटली. पंख्याखाली सासूबाई डुलत होत्या. रेवा टक्क जागी होती. अंग तव्यासारखं तापलेलं, तोंडातून आवाज नाही. हर्षलाने पंख्याचं बटण बंद केलं.

पाती थांबली आणि रेवाने टाहो फोडला. इतकं गोड रडणं हर्षलाने कधी ऐकलं नव्हतं.

तिला खांद्यावर टाकून ती दवाखान्याकडे निघाली. वाटेत साठाघर लागलं. कपाटं अजून घुमत होती.

मॅडम पंख्याखाली खुर्चीत बसल्या होत्या. हात बंद करायच्या दांड्यापासून वीतभर दूर.

"मॅडम! बंद करताय ना?"

"हो गं, करते की." त्या प्रसन्न हसल्या. "घाई काय आहे?"

पडद्यावर दाबाची रेघ सुतासारखी सरळ होती. हर्षला दांड्याकडे झेपावली. घामेजल्या मानेवर गार वारा आला. फार बरं वाटलं.

खांद्यावरची रेवा रडायची थांबली.